वन्सं, गेटवरचा फोटो काढला

वन्सं, मूर्खपणापासूनच सुरुवात करते, नाहीतर तू मध्येच तोंड घालशील. त्या खंडेनवमीला कॅमेऱ्याच्या भिंगावर कुंकू लावणारी बाई मी.

ही गोष्ट तू घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलीस. माझ्या विहीणबाईंना तर साखरपुड्याच्या दिवशीच, पेढा त्यांच्या तोंडात असताना. आता सांगायला तू नाहीस म्हणून मीच सांगते, आणि जरा सरळ सांगते, कारण तू पदरचं फार घालायचीस. मी कॅमेऱ्यापुढे नारळ वाढवला नव्हता. त्याला ओवाळलंही नव्हतं. फक्त कुंकू लावलं होतं.

यांना कावीळ झाली होती आणि आपल्या सातपूरच्या फोटो स्टुडिओचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तोंडावर आला होता. खंडेनवमीला कंपन्यांची गेटं घरच्यांसाठी उघडायची. यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, कामगारांची पोरं आत शिरून आपल्या बापाचं मशीन कोणतं ते बघायची, आणि शेवटी गेटसमोर सगळ्यांचा एक फोटो. बाकीच्यांची हत्यारं त्या दिवशी पुजून आराम करतात. फोटोवाल्याला मात्र भल्या सकाळी पूजा उरकून तेच हत्यार गळ्यात अडकवून पळावं लागतं. हे पलंगावरून म्हणाले, "पूजा कर आणि नीघ." मी अठ्ठावीस वर्षांची, डार्करूममध्ये फिल्मा धुता येतात म्हणून स्वतःला मोठी फोटोग्राफर समजणारी. वाटीत कुंकू कालवलं आणि बोट टेकवलं ते बरोबर खालच्या भिंगावर. दुसरीकडे कुठे टेकवणार? देवाला कपाळ, गाईला कपाळ. कॅमेऱ्याचं कपाळ मला तेच वाटलं.

कॅमेरा दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. मी आपली वरून बघतेय, सगळं लख्ख दिसतंय, "जरा हसा" म्हणतेय, आणि खाली बिचारी फिल्म कुंकवातून डोळे फाडून बघतेय. अशी चार गेटं झाली. एका साहेबांना तर मी "मान जरा वर" असंही सांगितलं. काय तो रुबाब!

पाचवं गेट तुझ्या कंपनीचं. तू मोरपंखी साडी नेसून, हातात आरतीचं ताट घेऊन मधोमध उभी होतीस. फोटो काढायच्या आधी तू रांगेतून बाहेर आलीस, कॅमेऱ्याकडे वाकून बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि पदराने भिंग पुसलंस. परत जाऊन उभी राहिलीस आणि तिथून, सगळ्या बायकांच्या देखत, मोठ्याने म्हणालीस, "वहिनी, ओटी घरी गेल्यावर भरू हां त्याची."

चार गेटांचे फोटो दुधातून काढल्यासारखे आले. एका कंपनीच्या मॅनेजरने विचारलं, आमच्याकडे आग लागली होती का? यांनी काविळीच्या पिवळ्या डोळ्यांनी ते बघितले आणि म्हणाले, "मला वाटलं माझ्याच डोळ्यांत बिघाड झालाय." तुझ्या गेटचा तेवढा एक फोटो काचेसारखा स्वच्छ. तुम्ही सगळ्या, मागे पत्र्याची मोठी शेड, शेडवर टाइम ऑफिसचं गोल घड्याळ, उजवीकडे पाण्याची उंच टाकी, आणि टाकीची सावली शेडच्या भिंतीवर बरोबर घड्याळाच्या खाली टेकलेली.

तुझं काम तपासणीच्या टेबलावर. स्विचचा एकेक सुटा भाग उचलायचा, मापाच्या गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. ती सवय तू घरी घेऊन आलीस. माझ्या पोळ्या, बाळूच्या वह्या, यांनी काढलेले नवरानवरींचे फोटो, सगळं तुझ्या टेबलावरून जायचं. तुझ्यासाठी आलेलं निफाडचं स्थळ तू चहा संपायच्या आत रिजेक्ट केलंस. त्या माणसाने बशीत चहा ओतताना टेबलावर सांडला होता आणि पुसला नव्हता. "वहिनी, हा आयुष्यभर सांडेल आणि मी पुसेन," म्हणालीस. त्यानंतर लग्नाचा विषय तू घरात येऊच दिला नाहीस. राहिलीस आमच्यातच, माझ्या डोक्यावर, पंचेचाळीस वर्षं.

सगळ्यांची तू शालू, मी मात्र लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर तुला "अहो वन्सं" म्हणत होते. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान तू. एकदा भाजी निवडताना म्हणालीस, "अहोजाहो आम्ही सुपरवायझरला करतो, आणि त्याची पाठ वळली की शिव्या घालतो. तुला मला शिव्या घालायच्या असतील तर तोंडावर घाल." म्हणून वन्सं राहिलं आणि अहो गेलं. शिव्या मी तोंडावरच घातल्या. तूही काही कमी केलं नाहीस.

मग एकेक कंपनी बंद होत गेली. कुठे यंत्रं परराज्यात गेली, कुठे मालकांच्या पोरांना कारखाना नको झाला, कुठे नुसतंच कुलूप. तुमच्या गेटवर एका सकाळी कंपनी बंद झाल्याचा कागद चिकटलेला होता. तुम्ही बायकांनी समोरच मांडव टाकला आणि धरणं धरून बसलात. मी डबे घेऊन यायचे. मांडवात असताना आलेल्या खंडेनवमीला मी कॅमेराही आणला, भिंग दोनदा पुसून. म्हटलं, "उभ्या राहा गं सगळ्या, दरवर्षीसारखा एक काढते." सगळ्या उठल्या. तू मांडी मोडली नाहीस.

"जिंकल्यावर काढू," म्हणालीस.

तुझं बघून बाकीच्याही बसल्या. मी कॅमेरा पिशवीत घातला आणि भाकरी वाढायला घेतल्या. मांडव पुढे उठला. जिंकणं काही झालं नाही. त्यानंतर तू त्या रस्त्याने पाऊल टाकलं नाहीस. त्र्यंबकला जायचं तरी रिक्षावाल्याला लांबून न्यायला लावायचीस, आणि मी एक अक्षर बोलायचे नाही. मी गप्प बसले आणि बसूनच राहिले, असं माझ्या आयुष्यात दुसरं काही घडलेलं नाही.

हे गेले, स्टुडिओ विकला, आणि माळ्यावरची निगेटिव्हची पेटी खाली आली. ती जुनी गेटं उजेडात धरून बघितली आणि माझ्या डोक्यात खूळ शिरलं. म्हटलं, वन्सं, चल, ह्या सगळ्या गेटांवर परत जाऊ. जिथे उभं राहून काढला तिथेच उभं राहायचं, तोच कॅमेरा, तसाच फोटो. जुना आणि नवा शेजारी शेजारी लावायचा. तू म्हणालीस, "मढ्यांचे फोटो काढायला मला वेळ नाही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँड खांद्यावर घेऊन माझ्याआधी जिन्यात उभी.

जागा शोधायची युक्ती मी शिकवली आणि आठवड्याभरात तू मला शिकवायला लागलीस. जुन्या फोटोत खांबाची कड खिडकीच्या कोपऱ्याला टेकली असेल, तर आताही ती टेकेपर्यंत सरकायचं. डावीकडे, उजवीकडे, मागे, पुढे. टेकली की जागा सापडली. मला दिसायच्या आत तुला दिसायचं. भर रस्त्यात, कुणाच्या ओट्यावर, एकदा तर एका सलूनच्या खुर्चीशेजारी तू उभी राहून ओरडायचीस, "वहिनी, बसलं!" गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने आपल्याकडे बघतंय.

एका कंपनीचं लग्नाचं लॉन्स झालंय. जिथे बॉयलर होता तिथे आता नवरानवरी स्टेजवर घामाघूम होतात. तू म्हणालीस, चला, तेवढी ऊब तरी चालू ठेवली. एका शेडमध्ये कुरिअरचं गोदाम. एकीच्या धुराड्यात पिंपळ वाढलाय, चांगला हात दोन हात बाहेर. लोक म्हणायचे, आजी, कशाला हे पडकं बघायचं, सोमेश्वरला जा, धबधब्याचे फोटो काढा. तू उलट विचारायचीस, "तिथे तुझ्या बापाने हजेरी लावली होती का?"

आणि तरी तू माझा एकही नवा फोटो पास केला नाहीस! मी मे महिन्यात, घाम पुसत, दहा-बारा काढले. घरी येऊन स्वतः धुतले. तू जुना उजवीकडे, नवा डावीकडे ठेवून बघितलास आणि म्हणालीस, "रिजेक्ट."

"का?"

"सावली बसत नाही. जुन्यात ऊन खालून आलंय, ह्यात डोक्यावर आहे."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

यावरून आपण सबंध पावसाळा भांडलो. मी म्हणायचे, भिंत बघ, माणूस बघ, सावलीचं काय घेऊन बसलीस. तू म्हणायचीस, मग जागा तरी कशाला शोधतेस, कुठूनही काढ. अजून वाटतं, माझंच बरोबर होतं. सावली कोण बघतं? पण भांडण मिटायच्या आत तू उठून गेलीस, आणि आता एकटीने दोन्ही बाजूंनी भांडायचं म्हणजे फार दमायला होतं.

मग तू भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलंस. सूर्य तारखेने चालतो, त्याला तिथी कळत नाही. झेंडू तिथीने लागतो, तो तारीख मानत नाही. तुला दोन्ही हवं होतं, ऊनही तेच आणि खंडेनवमीही तीच. एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात, हे तू कुठून तरी खणून काढलंस. कुंकवाच्या त्या वर्षानंतर ती एकत्र आली तेव्हा तुम्ही मांडवात होतात. आता यंदा.

"यंदा कुठलं गेट घ्यायचं?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

तुझ्या कंपनीला उन्हाळ्यातच निळे पत्रे लागले होते आणि वर हसऱ्या कुटुंबाची पाटी, दोन खोल्यांचे, तीन खोल्यांचे फ्लॅट. दिवाळीनंतर शेड पाडणार असं पानवाला सांगत होता.

"आमचंच," म्हणालीस. "आता काढू."

"का गं? जिंकलात?"

"नाही," तू कॅलेंडर खिळ्याला लावत म्हणालीस. "पण मालक तरी कुठे जिंकले?"

आपण जाऊन जागाही शोधून आलो. टाकीचा पाय टाइम ऑफिसच्या कोपऱ्याला टेकतो ती जागा. तेव्हा तिथे रस्त्याकडेची माती होती, आता रस्ता रुंद झालाय आणि ती जागा ट्रकच्या वाटेत आलीय. तू तिथे खडूने फुली मारलीस. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला.

नवरात्र बसलं. तू मोरपंखी साडी बाहेर काढलीस. मी म्हटलं, साडी बसेल, ब्लाउजचं काय? तू म्हणालीस, ब्लाउज उसवून घेतलाय, तू तुझं पोट बघ. मी म्हटलं, एकटी उभी राहणार त्या गेटसमोर, निदान रंग तरी बरा घाल, हा आता तुला काळा पडतो. तू नुसती हसलीस. "एकटी?" म्हणालीस. पुढे काही सांगितलं नाहीस. इस्त्री करून साडी दाराच्या खुंटीला लावलीस. चौथी माळ होती.

पाचव्या माळेला सकाळी तू उठलीच नाहीस.

साडी तिथेच होती. तुला नेताना ती तुझ्या अंगावर घातली. रंगाबद्दल जे बोलले ते मागे घेत नाही. पण शोभली तुला, एवढं कबूल करते.

घरात सुतक. घट तसाच उचलून विसर्जित केला, आपल्या सुनेने, मेघाने, रडत रडत. शेजारणी डबे देऊन जात होत्या, दारातून, आत न येता. आणि खंडेनवमी आली. मी सकाळी आंघोळ करून कॅमेरा काढला. त्याला फूल नाही, गंध नाही, काही नाही. यंदा त्यालाही सुतकच.

बाळू दारात आडवा. "आई, तू कुठे निघालीस?"

"फोटो काढायला."

"आई, आत्याला जाऊन चार दिवस नाही झाले. सुतक आहे. असं कुणी बाहेर जातं का?"

"हा दिवस एकोणीस वर्षांनी परत येईल. तेव्हा मी पंच्याऐंशीची असेन. नेशील मला उचलून?"

"अगं, लोक काय म्हणतील?"

"ह्या कॉलनीतल्या सगळ्यांचे पासपोर्टचे फोटो मी काढलेत, बाळ्या. कुणाचं तोंड कसं आहे ते मला सांगू नकोस."

तो बाजूला झाला नाही. मेघाने त्याचा दंड धरून त्याला बाजूला केलं आणि माझ्या पिशवीत पाण्याची बाटली घातली. सुनेचं असं वागणं बघून मला जरा भीतीच वाटली.

खरं सांगू का वन्सं? रिक्षात बसले आणि वाटलं, रिकाम्या गेटचा फोटो काढायला चाललेय, तेही तुझ्याशिवाय, कोणासाठी? परत फिरावं असं त्या नाक्यावर वाटलं. पण रिक्षावाल्याला काय सांगू, म्हणून गेले.

गेटवर साखळी, साखळीला कुलूप, बाजूला खुर्ची टाकून वॉचमन. नांदगावकडचा असावा. "मावशी, फोटो नाय काढायचा हां. परमिशन नाय."

"मी कुठे काढतेय? मी नुसती उभी आहे."

"मंग ते तीन पायाचं काय हाय?"

"म्हातारीला टेकायला काठी नको?"

तो काही बोलणार, तेवढ्यात दोन रिक्षा येऊन थांबल्या. आणि वन्सं, तू मला सांगायला हवं होतंस गं! रिक्षांतून बायका उतरायला लागल्या, रेशमी साड्या, केसांत गजरे, एकीच्या हातात नारळाचं ताट, एकीच्या कडेवर झेंडूची पिशवी. गुडघे धरत, एकमेकींना हात देत, आठ जणी उतरल्या. सगळ्यांत पुढे कुसुम, तुझ्या टेबलाच्या पलीकडच्या टेबलावर बसायची ती.

"वहिनी!" ती लांबूनच ओरडली. "आम्हाला दटावून दटावून साडेनऊला बोलावलं, आणि स्वतः शालू अजून आरशासमोर आहे वाटतं?"

तू त्या बटणांच्या फोनवरून एकेकीला गाठलं होतंस. तुझे नंबर सगळे तुझ्या डोक्यात. आम्ही नातेवाइकांना कळवलं. ह्यांना कळवायचं कुणाला सुचलं नाही, सुचलं असतं तरी नंबर नव्हते. आणि आता त्या आठही माझ्या मागे बघत होत्या, तू कुठे दिसतेस का म्हणून.

"कुसुम, ती गेली," म्हटलं.

"पुढे गेली? कुठं?"

"नाही गं. गेली."

नारळवाली तिथेच रस्त्याच्या कडेला बसली. ट्रक जात होते. कुणी रडलं नाही लगेच. कुसुम माझ्यावरच चिडली, म्हणजे तुझ्यावर, पण समोर मी होते. "असं कसं? मला म्हणाली, रेशमी नेस, सुती नेसून आलीस तर परत पाठवीन. मी सिन्नरहून आले, गुडघ्याला पट्टा बांधून! आणि ही गेली? ह्याला काय अर्थ आहे?"

मग सगळ्यांना एकदम रडू आलं. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला.

एक जण डोळे पुसत म्हणाली, "चला गं, फोटो कसला आता. वहिनींना घरी पोचवू. बिचाऱ्या सुतकात आल्यात." दुसरीने ताटावर फडकं टाकलं. नारळवालीला उठवायला दोघी वाकल्या. मीच तर सकाळी मुलाशी भांडून आले होते, पण आता नुसती शेडकडे बघत उभी होते. शेडच्या भिंतीवर टाकीची सावली घड्याळाच्या जागेखाली येऊन टेकत होती. घड्याळ केव्हाच गेलंय, तिथे नुसतं गोल भोक आहे. सावली मात्र बरोबर तिथेच टेकली, तू म्हणालीस तशीच. आणि ह्या बायका रिक्षाला हात करत होत्या.

मी म्हटलं, "मला शिवू नका कुणी, पण जाऊ नका."

कुसुम वळली. आली ती सरळ माझ्याकडे, आणि माझा दंड गच्च धरला. "सुतक घरात असतं, वहिनी. ही कंपनी आहे. इथं ती आमची आहे." मग बाकीच्यांकडे बघून, "फडकं काढ गं त्या ताटावरचं. गेटला माळ बांधा."

"ओ मावशी," वॉचमन म्हणाला, "सायबाला फोन करावा लागंल हां."

"कर की. सांग, इन्स्पेक्शनच्या बायका आल्यात."

त्याने खरंच फोन लावला. सुट्टीचा दिवस, उचलणार कोण? फोन खिशात ठेवून तो म्हणाला, "पूजेला मी नाय म्हणत नाय. फोटो काय मला दिसला नाय." आणि त्याने खुर्ची उचलून आमच्याकडे पाठ करून ठेवली. वीस वर्षांनी त्या गेटवर झेंडू लागला, आणि त्या साखळीवर, त्या कुलपावर माळ बांधताना बायकांनी जी ओढाताण केली ती बघायला तू हवी होतीस. "डावीकडे घे." "माझी डावी की तुझी?" "कंपनीची!"

आता माझी पंचाईत. तुझी खडूची फुली केव्हाच पुसली गेली होती, आणि जागा रस्त्याच्या मधोमध. मी स्टँड घेऊन उतरले तर एक ट्रकवाला अंगावरच आला. "आजी, आंदोलन आहे का काय?"

"फोटो आहे!" कुसुम गेटवरून ओरडली. "दम धर! इथं चार महिने अडवला होता रस्ता, तुला दोन मिनिटं जड होतायत?"

आणि वन्सं, ज्याला फोटो दिसतच नव्हता, तो वॉचमन उठला, गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि दोन्ही हात पसरून ट्रकसमोर उभा राहिला. मागे गाड्यांची रांग. हॉर्नचा नुसता गदारोळ.

मी डावीकडे सरकले, मागे सरकले. टाकीचा पाय कोपऱ्याला टेकला. कॅमेऱ्यावर वाकले. ह्या कॅमेऱ्यात चित्र उलटं दिसतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. तरी मी त्या काचेवर तुला आधी एकीकडे शोधलं आणि मग दुसरीकडे शोधलं. बायका जुन्या फोटोतल्या आपापल्या जागी उभ्या होत्या. मधली जागा सोडून. न सांगता सोडली होती त्यांनी. काचेवर पाणी पडलं, पुसलं, परत पडलं.

"पुसता काय सारख्या?" कुसुम ओरडली. "तिथंही कुंकू लावलंत काय?" म्हणजे तीही गोष्ट तू तिकडे पोचवली होतीस! सगळ्या हसल्या. आणि हसता हसता कुसुमने शेजारणीला कोपराने ढोसलं. "सरका गं. ही फट कशाला ठेवलीय? फट दिसली तर शालू माल परत पाठवायची. सरका!"

त्या सरकल्या. खांद्याला खांदा लागला. फट बुजली. मी बटण दाबलं.

सावली मात्र या सगळ्या गोंधळात खाली उतरली होती. घड्याळाच्या भोकाखालून निसटून दाराच्या चौकटीवर आली होती. ते मला काचेत स्पष्ट दिसत होतं आणि तरी मी बटण दाबलं. ट्रक थांबले होते, बायका हसत होत्या. अजून एकोणीस वर्षं थांबायला मी काही रिकामी नाही. त्यावर तुला जे म्हणायचं ते म्हण. तू ह्या बायकांना बोलावलंस आणि मला सांगितलं नाहीस, हे मी अजून तुला माफ केलेलं नाही. आणि माफ केलं नाही म्हणजे भांडण चालू आहे, समजलीस?

मी फिल्म आपल्याच बाथरूममध्ये धुतली, खिडकीला चादर लावून. बाळू बाहेरून म्हणाला, आई, चादर कशाला, दिवा तरी लाव. त्याला बिचाऱ्याला काही समजत नाही, बापासारखाच. ओली फिल्म उजेडात धरली तेव्हा तुमचं गेट तिथे होतं, काळ्याचं पांढरं झालेलं, आणि आठ जणी. तू ज्या रात्री गेलीस त्या रात्रीपासून जे मोठ्याने रडले नव्हते ते तिथे, नळ सोडून, रडून घेतलं. आणि तुला म्हणाले, आभारी आहे गं बाई. पंचेचाळीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. कशाबद्दल ते विचारू नकोस, सांगत बसले तर सकाळ होईल.

तेराव्याला कुसुम सिन्नरहून आली. जेवण झाल्यावर मी तिला आत बोलावलं आणि दोन्ही फोटो पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. तिने आधी जुना घेतला, मग नवा, मग परत जुना. चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घातला. मी वाट बघत होते की सावलीचं काही म्हणते का. तिने नव्या फोटोवर बोट ठेवलं, बायकांवर नाही, मागे, गंजलेल्या पत्र्यावर, साखळीवर, त्या गोल भोकावर, आणि म्हणाली:

"वहिनी, आपण म्हाताऱ्या दिसतोय, ते असू द्या. पण कंपनी बघा ना! ती तर आपल्याआधीच गेली."